घाटातली वाट

२०२५ सालच्या सप्टेंबरातील गोष्ट. हरेगावची मतमाउलीची यात्रा आटोपून आठवडा झाला होता. रविवारची दुसरी मिस्सा संपवून मी ख्रिस्तमंदिराच्या पायऱ्या उतरत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आपली नवी गाडी घेऊन अंगणात आला. गाडीच्या पुढच्या काचेवर दुकानातला कागद अजून तसाच चिकटलेला होता. "फादर, आशीर्वाद द्या," तो म्हणाला.

शिर्डीच्या आसमंतात राहणाऱ्याला नव्या गाडीच्या पूजेचे नवल नाही. दूरदूरची माणसे नवे वाहन घेतले की ते थेट बाबांच्या दारी आणतात. झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्या आमच्या रस्त्यावरून रोज जातात. आमच्याकडे माळेऐवजी पवित्र पाणी, एवढाच फरक. मी पाणी शिंपडले, प्रार्थना म्हटली, आणि खांद्यावर बाळाला घेऊन नदी ओलांडणाऱ्या संत ख्रिस्तोफरचे लहानसे पदक, माझ्या टेबलाच्या खणात बरीच वर्षे पडून होते ते, त्याच्या हातावर ठेवले. पदक खिशात टाकून तो जरा घुटमळला.

"फादर, एक विचारू? एखादा वळणावळणाचा रस्ता सांगा. शनिवार-रविवार निवांत गाडी चालवायला. तुम्ही सगळीकडे फिरलेले आहात."

हा मुलगा चाकणला एका कंपनीत काम करतो, महिन्यातून एकदा आईकडे येतो. मी त्याला म्हटले, "अरे, दारात समृद्धी महामार्ग आला आहे. त्यावर चालव की."

"त्यावर झोप येते, फादर."

त्याचे खरे होते. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा टप्पा खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरांचा सबंध रस्ता पुरा झाला. लहान मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. एवढा सरळ, एवढा गुळगुळीत, की चालकाला करण्यासारखे काहीच उरत नाही. हात चाकावर असतात, डोळे उघडे असतात आणि मन मात्र कुठे तरी निघून गेलेले असते. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ याच रस्त्यावर एक खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसे जळून गेली. तेव्हापासून त्या रस्त्याने जाताना मी जपमाळ मोठ्याने म्हणतो. त्यात भक्ती किती आणि जागे राहण्याची युक्ती किती, हे देवालाच ठाऊक.

मला मनातल्या मनात हसूही आले. यशया संदेष्टा आणि त्याच्या मागून योहान बाप्तिस्ता आम्हांला शतकानुशतके सांगत आले की, वाकडे ते सरळ करा, उंचसखल ते सपाट करा. आगमनकाळात दरवर्षी मी त्यावर प्रवचन देतो. आमच्या सरकारने ते अगदी शब्दशः मनावर घेतले, आणि आता आमची तरुण मुले विचारतात, फादर, एखादा वाकडा रस्ता आहे का शिल्लक?

आहेत, पुष्कळ आहेत. शिर्डी स्वतः सपाटीवर आहे. गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातली काळी जमीन, ऊस, मका, डाळिंब, आणि क्षितिजापर्यंत वळण म्हणून नाही. पण पश्चिमेकडे तोंड करून दोन-अडीच तास निघाले की सह्याद्री आडवा येतो आणि मग रस्त्याला वळल्यावाचून गत्यंतर राहत नाही. सिन्नर, घोटी, इगतपुरी करीत कसाऱ्याचा थळ घाट आहे. त्याच डोंगरातून १८६५ साली आगगाडी वर आली. मुंबईहून शिर्डीला पायी येणाऱ्या साईभक्तांच्या पालख्या रामनवमीच्या आधी हाच घाट चढतात. संगमनेरहून आळेफाटा, ओतूर करीत गेले की माळशेज घाट. पावसाळ्यात तेथे धबधबे रस्त्यावर पडतात, त्यांच्याबरोबर दगडही पडतात, आणि दोन्ही पाहायला तोबा गर्दी असते. मला तो घाट आवडतो. मात्र ज्या रविवारी सारी मुंबई-ठाणे तेथे भिजायला लोटते, त्या रविवारी नको. त्याच्या जवळच नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळात कोकणातून वर येणारा माल त्याच वाटेने येई. जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून तेथे आहे. पण ती वाट पायी चालणाऱ्याची. कोतूळ-ब्राह्मणवाड्यावरून ओतूरकडे जाणारा लहानसा घाट फारसा कोणाला ठाऊक नाही, तो मला विशेष प्रिय. पुणे-नाशिक रस्त्यावरचा चंदनापुरीचा घाट एके काळी चांगला वाकडा होता, पण चौपदरीकरणात त्याचीही पाठ सरळ केली गेली.

आणि अकोले, राजूर, भंडारदरा. मी त्या मुलाला तोच रस्ता सांगितला. धरणाच्या भिंतीपासून निघून शेंडी, मुरशेत, घाटघर, साम्रद, रतनवाडी करीत जलाशयाला वळसा घालून पुन्हा शेंडीला यायचे. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांत सरळ असा रस्ता फर्लांगभरही सलग सापडायचा नाही. सप्टेंबर अखेरीस पाऊस ओसरलेला असतो, सोनकी फुललेली असते. "शनिवारी पहाटे नीघ," मी म्हटले, "आणि संध्याकाळच्या मिस्साला परत ये. रविवारचे कर्तव्य शनिवारच्या संध्याकाळी पुरे होते, एवढी सवलत पवित्र सभेने तुम्हां फिरस्त्यांना दिली आहे."

तो हसला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "आई येणार नाही म्हणते. घाटात ती जात नाही. तुम्ही असाल तर येईल."

मी चटकन होय म्हणालो नाही. त्याची आई घाटात का जात नाही हे मला माहीत होते. त्या धर्मग्रामात ते माझ्याइतके कोणालाच माहीत नव्हते.

२००१ साली मी याच धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. गुरुदीक्षा होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. श्रावणातल्या एका रात्री कोणी तरी मिशनच्या फाटकाची कडी वाजवली. या मुलाचे वडील मालमोटारीवर चालक होते; कांदा भरून वाशीच्या बाजाराला निघाले होते. कसारा घाट उतरताना गाडीचा ब्रेक लागेनासा झाला आणि गाडी कठडा तोडून खाली गेली. मुख्य धर्मगुरू आजारी होते. मी मिशनची जीप काढली, मयताचे दोन भाऊ बरोबर घेतले आणि रात्रभर पावसात गाडी चालवून पहाटे घाटाखालच्या इस्पितळात पोहोचलो.

क्लीनर वाचला होता. पाय मोडला होता, पण शुद्धीवर होता. अठरा-एकोणीस वर्षांचे पोर. त्याने माझ्या झग्याची बाही धरली आणि सगळे सांगितले. मालक डिझेल मोजून देई. अमुक खेपेला अमुक लिटर; उरले तर त्याचे पैसे चालकाचे, कमी पडले तर पगारातून कापायचे. म्हणून सारे चालक उतार लागला की गाडी न्यूट्रल करीत. इंजिनाने गाडी धरून ठेवायची ती धरली जात नाही, सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि तापले की लागत नाहीत. "रोजच करायचो, फादर," तो म्हणाला. "त्या दिवशी माल जास्त व्हता."

ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे मला सेमिनरीत जीप शिकवणाऱ्या वृद्ध ब्रदरांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. खाली येणाऱ्याने थांबायचे आणि चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हेही त्यांचेच; पुढे कळले की कायद्यातही ते तसेच आहे. रस्ता डोंगरावर वळत वळत जातो तो काही शोभेसाठी नव्हे. वीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर, एवढाच चढ डोंगरी रस्त्याला सामान्यतः असावा असा दंडक आहे; उभ्या कड्यावर तो साधायचा तर रस्ता लांबवावाच लागतो. वळण म्हणजे बैलाला आणि इंजिनाला दिलेली सवड. ही सवड वर जाताना सर्वांना पटते. उतरताना मात्र वाटते, आता देवाने ढकलले आहे, डिझेल कशाला जाळायचे?

अंत्यविधीच्या दिवशी मालक आला होता. दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभा राहिला. सगळे आटोपल्यावर त्याने माझ्या हाती एक पाकीट दिले: "फादर, तुमच्या हातून द्या, तुमचे ऐकतील." दहा हजार रुपये होते. मी ते त्या विधवेला नेऊन दिले. वय पंचवीस, मांडीवर तीन वर्षांचे मूल. ती माझ्याकडे पाहत राहिली, आणि मी म्हणालो, "ताई, देवाची इच्छा. तिच्यापुढे कोणाचे चालते?"

हे वाक्य मी कोणत्याही पुस्तकात वाचले नव्हते. पुण्याच्या सेमिनरीत सात वर्षे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो, देव आणि दुष्टाई या विषयावर पंचवीस पानांचा प्रबंध लिहून चांगले गुण मिळवले, आणि एका घराच्या उंबऱ्यावर उभा असताना तोंडून निघाले ते हे. क्लीनरने सांगितलेले मी कोणालाच सांगितले नाही. मनाची समजूत अशी घातली की, मेलेल्या माणसाच्या चुकीचा बोभाटा कशाला. खरे कारण वेगळे होते. मालक वजनदार गृहस्थ होता, आणि मी नवा होतो.

पुढे माझी बदली झाली. दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना कामगारांच्या एका बैठकीत एका वकिलांनी समजावून सांगितले की, १९२३ सालचा एक कायदा आहे. काम करीत असता कामगार दगावला तर त्याच्या कुटुंबाला मालकाने भरपाई दिलीच पाहिजे, आणि मृत्यूच झाला असेल तर कामगाराच्या चुकीचे निमित्त मालकाला पुढे करता येत नाही. अर्ज मात्र दोन वर्षांच्या आत करायचा असतो. मी बोटांवर मोजले. पाच वर्षे होऊन गेली होती. पवित्र सभेच्या कायद्याची कलमे मी तोंडपाठ म्हणू शकत होतो. देशाच्या या कायद्याचे नावही मला ठाऊक नव्हते. त्या बाई तोवर उसाच्या तोडीला जात होत्या.

१९ जून २००७ रोजी व्हॅटिकनमधून रस्त्यावरच्या जीवनासंबंधी एक मार्गदर्शिका निघाली. तिच्यात चालकांसाठी दहा आज्ञा आहेत. वृत्तपत्रांनी तेव्हा त्यांची बरीच थट्टा केली. पहिली आज्ञा आपल्या ओळखीची, हत्या न करण्याची. पुढे एक अपघातात बळी गेलेल्यांच्या कुटुंबांना आधार देण्याविषयी आहे, आणि तिच्या पाठोपाठ एक अशी की, अपराधी चालक आणि त्याच्यामुळे ज्यांचे नुकसान झाले ते यांची योग्य वेळी भेट घडवावी, म्हणजे क्षमेला वाट मिळेल. मी ती वाचली आणि पुस्तिका मिटून ठेवली. चालक मी नव्हतो. तरीही मिटून ठेवली.

तीन वर्षांपूर्वी महागुरुस्वामींनी मला पुन्हा याच धर्मग्रामात पाठवले. त्या बाई दर रविवारी मिस्साला येतात, डावीकडे तिसऱ्या बाकावर बसतात. भेटल्या की "जय ख्रिस्त, फादर" म्हणतात. तेवढेच.

असो. शनिवारी पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. मी पुढे मुलाशेजारी, बाई मागे. मांडीवर पिशवी, पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि जपमाळ. लोणीपर्यंत अंधारच होता. १९५० साली विठ्ठलराव विख्यांनी धनंजयराव गाडगिळांच्या साहाय्याने तेथे सहकारी साखर कारखाना उभा केला. आमच्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी किती तरी जणांचे पोट त्या उसावर आणि त्याच्या आधी हरेगावच्या कंपनीच्या उसावर भरले. कुणाचे वाढ्यावर, कुणाचे मोळीवर. संगमनेरला उजाडले. गावाच्या दक्षिणेला आणि पूर्वेला ज्या उघड्या टेकड्या दिसतात, तशाच टेकड्यांवर दरेवाडीसारख्या गावांत स्वित्झर्लंडहून आलेल्या येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांच्या प्रेरणेने पाणलोटाचे काम झाले. पळणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला थांबवा, असे त्या कामातली माणसे सांगत. हे काम म्हणजे डोंगराच्या अंगावर चर खणून पाण्यासाठी घाटरस्ताच काढणे होय, असे मला त्या दिवशी प्रथमच वाटले. मी ते बोलून दाखवले. मुलगा "हं" म्हणाला. तरुणांना धर्मगुरूंच्या उपमांचा कंटाळा येतो, आणि गाडीत बसलेल्या धर्मगुरूला थांबवता येत नाही.

अकोले सोडले आणि रस्ता वर निघाला. उजवी-डावीकडे भाताची खाचरे पोपटी झाली होती, बांधावर तेरड्याची गुलाबी फुले. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणी राखली आणि त्यांना पद्मश्री मिळाली, हे मुलाला माहीत होते. मला बरे वाटले. मध्येच निळवंडे धरणाचे पाणी डोंगरांत शिरलेले दिसले. १९७० साली योजलेल्या या धरणाच्या डाव्या कालव्याचे पाणी सोडायला २६ ऑक्टोबर २०२३ उजाडावा लागला; तोवर पाण्याची वाट पाहणाऱ्यांच्या दोन पिढ्या गेल्या. राजूरच्या पुढे रंधा धबधब्याचा गडगडाट गाडीच्या काचा लावूनही ऐकू येत होता.

पहिल्या मोठ्या वळणावर मागून जपमाळेचे मणी एकमेकांवर घासल्याचा आवाज आला. मी मागे वळून पाहिले नाही. शनिवार म्हणजे आनंदाची रहस्ये. मरिया डोंगराळ प्रदेशात घाईने अलिशिबेकडे गेली, हे त्यांतले दुसरे. मी हळूच साथ दिली. मुलाने गाण्याची कळ बंद केली. चालवत मात्र तो चांगला होता; वळणाच्या आधी वेग उतरवी, वळणात शिरल्यावर ब्रेकला पाय लावत नसे, आंधळ्या वळणावर भोंगा देई. समोरून एस. टी. चढत आली तेव्हा आमचा लहानसा उतार चालू होता. त्याने गाडी कडेला घेऊन थांबवली आणि तिला वाट दिली. एस. टी.च्या चालकाने दोन बोटे कपाळाला लावली.

भंडारदऱ्याचे धरण १९१० साली बांधायला घेतले आणि १९२६ साली पुरे झाले. आमच्या सपाटीवरचा बराचसा ऊस या डोंगरातल्या पाण्यावर उभा आहे. रतनगडाजवळ उगम पावलेली प्रवरा या भिंतीपाशी अडते आणि मग कालव्यांतून शहाण्यासारखी सरळ चालत आमच्याकडे येते. इथे वर मात्र तिला सरळ असे काही ठाऊक नाही. मुरशेतच्या बाजूने वळसा घालू लागलो तेव्हा ढग कळसूबाईच्या खांद्यापर्यंत उतरले होते. १६४६ मीटरांचे ते शिखर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच, आम्हांला काही दिसले नाही. पण सोनकी दिसली. कातळावर, उतारावर, रस्त्याच्या कडेच्या दगडी कठड्यांच्या फटींत, जिथे मूठभर माती असेल तिथे पिवळीधमक. जलाशय एकदा उजवीकडे येई, एकदा मागे जाई, आणि एका वळणावर तर तो आपल्या पायांखालीच असल्यासारखा वाटे. मला मनापासून आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे. अकरावे पायस हे पोप होण्यापूर्वी आल्प्स पर्वतातले नावाजलेले गिर्यारोहक होते. तेव्हा धर्मगुरूने डोंगर पाहून हरखावे यात काही गैर नसावे. मुलगा तर शीळ घालू लागला होता.

घाटघरला कोकणकड्याशी गाडी उभी केली. तेथे सह्याद्री एकदम संपतो. वरच्या तलावाचे पाणी डोंगराच्या पोटातून खाली शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याच्या तलावात सोडून वीज करतात, आणि विजेला मागणी नसेल तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवतात. २५० मेगावॉटचा हा प्रकल्प २००८ साली सुरू झाला. मुलाला ते फार आवडले. तो लोखंडी कठड्याला टेकून खाली पाहू लागला. धुके क्षणभर फाटे आणि हजारभर हात खाली कोकणातली हिरवी खाचरे, पत्र्यांची घरे दिसत.

बाई गाडीतून उतरून हळूहळू कठड्यापर्यंत आल्या. मी म्हटले, "भीती वाटत असेल तर मागेच थांबा, ताई."

"कसारा कुठं आला, फादर?"

मी उत्तर-पश्चिमेकडे हात केला. "त्या बाजूला. येथून दिसत नाही."

त्या त्या दिशेला बराच वेळ पाहत राहिल्या. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "तवा तुम्ही म्हनला व्हता, देवाची इच्छा."

मला वाटत होते, त्या विसरल्या असतील.

"मी लई वर्सं देवाशी बोलले न्हाई. देवळात यायची, पोरासाठी. उठायचं तवा उठायची, गुडघे टेकायचे तवा टेकायची. बोलत नव्हते. त्याची इच्छाच आसंल माझं घर मोडायची, तर काय बोलायचं त्याच्याशी?" त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला, वारा होता. "मंग तो किलनर आला व्हता एकदा. पाय वडत. पाचसा वर्सांनी. त्यानं सांगितलं समदं. तवा म्हनलं, देवाला काय डिझेलचा हिशेब ठेवायचा हाये व्हय? तवापासून बोलते."

मुलगा कठड्यापासून वळला होता. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होते की त्याला यातले काहीही ठाऊक नव्हते. "कसलं डिझेल?" त्याने विचारले.

मग मीच सांगितले. इस्पितळातली पहाट, मोजून दिलेले डिझेल, न्यूट्रल, पाकीट, दहा हजार रुपये; आणि १९२३ चा कायदा, दोन वर्षांची मुदत, माझे अज्ञान. मालक वजनदार होता आणि मी घाबरलो होतो, हेही. एका पापनिवेदकाच्या जागी मी इतक्या उघड्यावर यापूर्वी कधी उभा राहिलो नव्हतो. शेवटी म्हणालो, "ताई, मी चुकलो. त्या रात्रीच मला सगळे माहीत होते. देवाच्या नावावर मी दुसऱ्याचे पाप खपवले."

"ठाव हाये," त्या म्हणाल्या. "किलनरनं तेबी सांगितलं व्हतं, की फादरला सांगितलं म्हून." थोड्या थांबल्या. "तुम्ही पोरसवदा व्हता. मीबी व्हते."

त्यांनी मला क्षमा केली की नाही, हे मी विचारले नाही. विचारणे म्हणजे त्यांच्याकडे आणखी एक मागणे झाले असते.

मुलगा म्हणाला, "मालकाचं नाव काय?"

"तो बी गेला," आई म्हणाली. "भाकरी खाऊन घ्या."

आम्ही गाडीच्या टपावर फडके पसरून भाकरी खाल्ली. साम्रदकडचा रस्ता पावसाने उखडला होता, तेथे वेळ गेला. रतनवाडीला अमृतेश्वराचे कोरीव मंदिर पाहायला आम्ही दहाच मिनिटे थांबलो, आणि ती कमी पडली; त्या दगडी नक्षीसाठी सवडीने जावे. मुलगा गप्प होता. शीळ थांबली होती. त्याला मी त्या दिवशी जे दिले ते त्याने मागितलेले नव्हते. त्याने वळणांचा रस्ता मागितला होता. पुण्याला परत जाताना तो ते सारे एकटाच घेऊन जाणार होता, आणि त्याची मला अजून काळजी वाटते. तेव्हापासून दोनदा तो गावी आला. एकदा मला भेटला, एकदा नाही.

शेंडीवरून परतीचा उतार लागला तेव्हा ऊन पडले होते. राजूरच्या अलीकडे एक लांब उतार आहे. मागून आवाज आला, "गाडी गिअरमधी हाये ना रे?"

"आहे, आई. दुसऱ्यात आहे."

पुढच्या उताराला पुन्हा, "हाये ना?"

"आहे."

असे चार-पाच वेळा झाले असेल. अकोले मागे पडल्यावर विचारणे थांबले. मी वळून पाहिले, तर जपमाळ मुठीत धरून त्या झोपल्या होत्या.

संगमनेरला बाजाराची गर्दी लागली आणि सातच्या मिस्साला आम्ही पंधरा मिनिटे उशिरा पोहोचलो. ख्रिस्तमंदिरात दिवे लागले होते आणि लोक माझी वाट पाहत जपमाळ म्हणत होते. मी तसाच धुळीच्या वहाणांनी वस्त्रागारात धावलो. झगा चढवून वेदीपाशी आलो, तेव्हा त्या डावीकडे तिसऱ्या बाकावर बसलेल्या होत्या, आणि मुलगा शेवटी, दाराशी, गाडीची किल्ली हातात घेऊन उभा होता.